खरा डबा, खोटा हात

मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी छाती पुढे काढतो. मला ते जमणार नाही. मी एक जुना मापाचा डबा आहे. पत्र्याचा, अर्ध्या लिटरचा, एका कानाचा. आणि मला माझ्या आयुष्याची लाज वाटते. सगळ्या आयुष्याची नव्हे. पण ज्या भागाची वाटते तो एवढा मोठा आहे की बाकीचं सगळं त्याच्याखाली दबून गेलंय. तेव्हा कौतुक ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा. बसणार असाल तर निमूट ऐका, कारण हे मी पुन्हा सांगेन असं वाटत नाही.

मला बनवलं एका पत्रेवाल्यानं. त्याचं दुकान म्हणजे एक ओटा, एक ऐरण आणि कानठळ्या बसवणारी ठोकाठोक. त्यानं कात्रीनं पत्रा कापला, गोल वळवला, डाख लावून सांधला, खाली बूड बसवलं आणि बाजूला कान जोडला. मग स्वतःच्या पितळी मापानं माझ्यात पाणी ओतलं. पाणी काठापासून किंचित खाली राहिलं, तर तेवढा काठ त्यानं पुन्हा कातरला, कानशीनं घासला आणि पाणी अगदी काठोकाठ आणलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. एक तरणाबांड रंगारी, नुकतंच लग्न झालेला. त्यानं विचारलं, "बरोबर आहे ना हो?"

पत्रेवाला म्हणाला, "एक थेंब कमी-जास्त भरला तर माझं नाक कापून याच डब्यात घाला!"

रंगारी हसला आणि मला घरी घेऊन आला. त्या दिवशी मी खरा होतो. एवढं तरी माझ्या बाजूनं लक्षात ठेवा.

रंगाऱ्याचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे परस. परसात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सगळा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक चूल, एक काळीकुट्ट कढई, एक तराजू, एक मोठी फरशी आणि मुठीत मावेल असा एक गुळगुळीत दगड. त्या दगडाला घोटा म्हणायचे. भिंतीला एक खिळा होता, तो माझा.

लोक दुकानातून रंगाचे तयार डबे आणतात, तसं या घरात चालत नसे. इथे रंग घरीच व्हायचा. आधी जवसाचं तेल मंद आचेवर कढवायचं. घाई केली की तेल पेट घेतं, म्हणून रंगारी चुलीपासून हलायचा नाही. बायकोनं जेवायला हाक मारली तर तिथूनच "थांब गं" म्हणायचा, आणि ती आतून म्हणायची, "मी थांबते, पोळी थांबत नाही." मधूनच तो एखादं पक्ष्याचं पीस तेलात बुडवून पाहायचा. पीस आक्रसून कुरकुरीत झालं की तेल तयार. ते निवलं की माझी पाळी. लोखंडी कामाला लाल भुकटी लागायची. ती भुकटी म्हणजे तरी काय, गंजाचीच सख्खी बहीण. लोखंडाला गंजापासून वाचवायचं आणि त्यासाठी गंजच अंगाला फासायचा, याचं मला भारी हसू यायचं. लाकडी कामाला पांढरी भुकटी, जस्ताची. भुकटी तराजूत तोलायची आणि तेल माझ्यानं मोजायचं. पाच किलो लाल भुकटीला पाच डबे तेल, हा त्या घरातला मंत्र होता. मग दोन्ही फरशीवर घेऊन घोट्यानं घोटत बसायचं, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. शेवटी थोडं टर्पेंटाइन घालून सैल करायचं, जुन्या सुती कापडातून गाळायचं, की झाला रंग.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टर्पेंटाइन उडून जातं, तेल मागे राहतं. भुकटीचा कण न् कण लोखंडाला धरून ठेवतं ते तेल. तेल कमी पडलं तरी रंग पहिल्या दिवशी झकास दिसतो. पण चार महिने ऊन खाल्लं की त्याचं पीठ होतं, आणि हात लावला की ते हाताला येतं.

आमच्या रंगाऱ्याच्या रंगाचं असं कधी झालं नाही. फाटकं, खिडक्यांचे गज, लोखंडी खाटा, पेट्या, दारं, बाकं, सगळ्यांवर त्याचा रंग वर्षानुवर्षं टिकायचा. शेजारचा सुतार येऊन कुरकुरायचा, "तुझ्या रंगानं माझ्या पोटावर पाय दिला. एकदा दार करून दिलं की वीस वर्षं गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही." मग रंगारी मला खिळ्यावरून काढून वर धरायचा आणि म्हणायचा, "ही सगळी आमच्या मापाड्याची कृपा. माणूस चुकेल, पण हा चुकायचा नाही."

मापाडी हे माझं घरातलं नाव. ते ऐकलं की मला आभाळ ठेंगणं व्हायचं. घोटा रोज झिजत होता, कढई जळत होती, फरशीच्या मध्याला खळगा पडत होता, आणि नाव माझं होत होतं. एवढ्याशा डब्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की तो उतरायचं नाव घेत नाही, तसं माझं झालं.

त्या घरात एक रीत होती. काम आटोपलं की फरशी पुसायची, घोटा धुवायचा, कुंचले रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, पण मापाड्याला हात लावायचा नाही. मला नुसतं उपडं करून टांगायचं. एकदा रंगाऱ्याची बायको मला वाळूनं घासायला बसली, तर तो धावतच आला. "अगं, मुरलेलं माप आहे ते! घासलंस तर गुण जाईल त्याचा."

"गुण जाईल की घाण जाईल?" तिनं विचारलं.

पण तो ऐकेना, आणि तिनं पुन्हा माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, काय हा मान! घरातली देवाची भांडीसुद्धा घासतात, मला मात्र कुणी शिवत नाही. दुर्लक्षालाच मी मान समजत होतो, हे कळायला मला फार उशीर लागला.

झालं असं की दर खेपेला तेलाचा एक पातळ पापुद्रा माझ्या आत राहायचा. जवसाचं तेल वाळलं की त्याचं कातडं होतं आणि ते सहजी निघत नाही. त्यावर पुढच्या खेपेचा थर बसायचा. कधी घाईत माझ्यानंच भुकटी उपसली जायची, मग तीही त्यात चिकटायची. एका वर्षात काय होणार? पण तीस वर्षं, मित्रांनो! बाहेरून मी होतो तेवढाच राहिलो आणि आतून जाड होत गेलो. बूड वर आलं, भिंती जवळ आल्या. तेल पूर्वीपेक्षा लवकर काठाला लागू लागलं. मला हे कळत होतं. ज्याच्या पोटात कमी मावतं त्याला नाही कळणार तर कुणाला? पण मी मनाशी म्हणायचो, आपण मुरलोय. मुरलेल्याला कोण विचारतो?

मग रंग का बिघडला नाही, असं तुम्ही विचाराल. तेही मी पाहत होतो. घोटता घोटता रंगाऱ्याच्या हाताला लगदा घट्ट लागायचा. त्याचं तोंड सुताराशी गप्पा मारत असायचं आणि हात आपला तेलाच्या कॅनकडे जायचा, वरून एक धार सोडायचा आणि परत घोट्यावर यायचा. सुरुवातीच्या वर्षांत थेंबभर, मग चमचाभर, आणि शेवटी शेवटी तर ती धार थांबता थांबायची नाही. कुणी विचारलं तर रंगारी छातीवर हात ठेवून सांगायचा, "पाच डबे. थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

रंगाऱ्याला दोन मुली. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. धाकटी परसातच वाढली, चुलीच्या धुरात आणि तेलाच्या वासात. ती कामाला चोख होती. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायची. पुढे रंगाऱ्याचे हात थरथरायला लागले, कुंचला सरळ रेघ ओढेना, तेव्हा त्यानं सगळा कारखाना तिच्या हवाली केला. म्हणाला, "माप तेवढं सांभाळ पोरी, बाकीचं आपोआप होतं."

तिचं पहिलं मोठं काम शाळेचं. मोठं लोखंडी फाटक, मैदानातला झोपाळा आणि व्हरांड्याचा कठडा. धाकटीनं पदर खोचला. पाच किलो भुकटी तोलली. पाच डबे तेल मोजलं, प्रत्येक डबा काठोकाठ, डोळा काठाच्या रेषेत आणून. घोटायला बसली आणि थांबली. लगदा दगडाला हलेना.

तिनं हाक मारली, "बाबा, फार घट्ट होतंय हो. तेल घालू का थोडं?"

रंगारी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं तिथूनच विचारलं, "किती डबे घातलेस?"

"पाच."

"मग झालं तर. मापाबाहेर जायचं नाही. टर्पेंटाइन घाल, सैल होईल."

तिनं टर्पेंटाइन घातलं. रंग सैल झाला, छान पसरला. तरी मला खिळ्याला टांगताना ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिला शंका आली होती. पण बापाचा शब्द आणि माझा काठ, दोघंही एकच सांगत होते, मग ती कुणाला विचारणार?

फाटक असं दिसलं की येणारा-जाणारा थबकून बघायचा. रंगारी चार दिवस गल्लीत ताठ मानेनं हिंडला. "लेकीनं केलंय," म्हणून भेटेल त्याला सांगितलं.

चार महिन्यांनी शाळेतून निरोप आला. रंगारी आणि धाकटी लगोलग निघाली, पिशवीत सगळं सामान घेऊन. लागलाच तर तिथेच हात फिरवू, असा त्यांचा विचार होता. मीही त्या पिशवीत होतो. शाळा सुटत होती. झोपाळ्यावरून उतरलेल्या मुलींचे पांढरे फ्रॉक मागून लाल झाले होते. मुलांनी फाटकाला हात घासून एकमेकांच्या पाठीवर पंजे उमटवायचा खेळच मांडला होता. त्यांना गंमत वाटत होती. शाळेच्या मोठ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या तशा भल्या, ओरडणाऱ्यातल्या नव्हेत. त्या फक्त म्हणाल्या, "रंगारीकाका, तुमच्या नावावर काम दिलं होतं हो."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रंगाऱ्यानं फाटकावरून हात फिरवला, तळवा उलटा केला आणि बघत राहिला. मग लेकीकडे वळला.

"तेल किती घातलंस?"

"पाच डबे. मापून."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय बाबा. तुम्हाला हाक मारून सांगितलंही होतं..."

त्यानं पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. तो म्हणाला, "तीस वर्षं झाली याला माझ्याकडे. हा एकदाही खोटा ठरला नाही. मग खोटं कोण, ते तूच सांग."

धाकटीनं पिशवीतून कुंचला काढला आणि ती फाटकाकडे वळली.

"तुझा हातच खोटा आहे," तो म्हणाला आणि तिच्या हातातला कुंचला त्यानं काढून घेतला. मोठ्या बाई बघत होत्या, शिपाई बघत होता, पाठीवर लाल पंजे घेतलेली मुलं बघत होती.

मित्रांनो, आता ते सांगतो ज्यासाठी मी तोंड लपवतो. त्या क्षणी मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. एवढ्या लोकांत मला वर धरलं होतं, 'हा खोटा ठरला नाही' म्हटलं होतं, आणि माझी पत्र्याची छाती भरून आली होती. माझ्या आत काय साचलंय ते मला ठाऊक होतं. पोरीनं प्रत्येक डबा कसा डोळ्यात तेल घालून भरला होता, तेही मी पाहिलं होतं. तरीही मला बरं वाटलं. डब्याला वाचा नसते, ही माझी सबब आहे आणि ती खरीही आहे. पण वाचा असती तर मी बोललो असतो का? मला नाही वाटत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होतो.

पुढचं तर त्याहून वाईट. रंगाऱ्यानं हट्टानं थरथरत्या हातांनी स्वतः रंग केला. तीच भुकटी, तेच तेल, तोच मी. घोटता घोटता त्याचा हात कॅनकडे गेला, लांबलचक धार सोडून परत आला, आणि सुतार शेजारी बसून त्याची समजूत घालत होता म्हणून कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. बायको आणि सुतार मदतीला घेऊन त्यानं आठ दिवसांत फाटक, झोपाळा आणि कठडा पुन्हा रंगवला. तो रंग टिकला. चार महिने गेले, वर्ष गेलं, टिकला. झालं, गल्लीला पुरावा मिळाला. सामान तेच, माप तेच, हात तेवढा बदलला. आता धाकटीनंही मानलं की आपला हातच खोटा आहे.

त्यानंतर कारखाना बंद पडला. रंगाऱ्याच्यानं पुन्हा घोटवेना आणि धाकटी शेडमध्ये पाऊल टाकेना. ती एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागली, खिळे, कड्या, बिजागऱ्या आणि तयार रंगाचे डबे विकायला. असं चार वर्षं चाललं. घरी ती बोलायची, हसायचीही, पण कुणी काही करायला सांगितलं की म्हणायची, "नको, माझ्या हातचं टिकत नाही." कुंडीत रोप लावायला सांगितलं तरी तेच. थोरली बाळाला घेऊन आली, तर धाकटी बाळाला लांबूनच खेळवायची, उचलून घ्यायची नाही. एकदा तिची आई हे बघून भडकलीच. रंगाऱ्यापुढे येऊन उभी राहिली. "एका फाटकापायी पोर मोडीत काढलीत तुम्ही!"

"मी काय केलं? माप जे सांगत होतं तेच मी म्हणालो."

"पोटच्या पोरीपेक्षा ते डबडं जवळचं ना? घ्या मग, उशाशी घेऊन झोपा त्याला!"

मी परसातल्या खिळ्याला लटकत हे सगळं ऐकलं. माझ्या तोंडाशी एका कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्याचा मला आधारच वाटला, निदान तोंड तरी झाकलं गेलं.

मग एक दिवस धाकटी कामावरून आली ती हसतच. मायलेकी परसात कपडे वाळत घालत होत्या. धाकटी सांगत होती, "आज गंमतच झाली बघ आई. मापं तपासणारे साहेब आले होते दुकानात. सुटं टर्पेंटाइन विकतो ना आम्ही, ते माप मागितलं त्यांनी. मालक म्हणाले, अहो, वडिलांच्या वेळचं माप आहे, त्याला काय बघायचंय! साहेब म्हणाले, म्हणूनच बघायचंय. त्यांच्या पितळी मापातलं पाणी आमच्या मापात ओतलं तर ते उतूच गेलं. आत राळ साचून साचून..."

ती बोलायची थांबली. हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. तिनं हळूच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी लोकांच्या नजरा झेलल्या, पण ती नजर मला सोसली नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मी टांगलेला होतो, धरणीपर्यंतही पोचत नव्हतो.

सुट्टीच्या दिवशी तिनं दुकानातलं नवं सरकारी शिक्क्याचं माप मागून आणलं. नळाखाली ते काठोकाठ भरलं, मला खिळ्यावरून काढून जमिनीवर ठेवलं आणि ओतू लागली. ओतता ओतता मी भरलो, आणि तिच्या मापात अजून पाणी होतं. ती ओतत राहिली. पाणी माझ्या काठावरून ओघळलं, पायाशी थारोळं झालं. तिनं तीनदा करून पाहिलं. पाचवा भाग कमी. म्हणजे पाच डबे मोजले की एक अख्खा डबा गायब. तिनं दोन्ही हात पोटाशी आवळून धरले आणि उकिडवी बसून रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "बाबा, जरा परसात येता का?"

रंगारी आला. तिनं पुन्हा ओतून दाखवलं. आधी तो माझीच बाजू घ्यायला लागला. "तुझ्या दुकानाचं माप मोठं असेल."

"त्यावर शिक्का आहे, बाबा."

त्यानं शिक्का निरखून पाहिला. मग म्हणाला, "बरं, हा कमी भरतो. मग माझा रंग कसा टिकला? याच मापानं केला होता ना? मी काय जादू केली?"

"मलाही तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "एकदा माझ्यासमोर करून दाखवा."

शेडमध्ये जुनी भुकटी होती, तेल होतं. त्यानं एक किलो भुकटी फरशीवर घेतली. एक डबा तेल मोजून घातलं आणि थरथरत्या हातानं घोटू लागला. धाकटी समोर बसली होती, दारात तिची आई उभी होती. चार फेरे झाले, दहा झाले. रंगारी म्हणत होता, "बघ, एका किलोला एक डबा. तीस वर्षं हेच. याच्यावर मी थेंबभरसुद्धा कधी..." आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात घोटा सोडून बाजूला गेला, कॅन उचलला आणि लगद्यावर धार सोडू लागला.

"बाबा," धाकटी म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. कॅन हातात, तेल पडतंय. त्यानं तो सरळ केला, पण खाली ठेवला नाही. आपल्याच हाताकडे असा बघत राहिला, जसं कुणी परकं माणूस घरात शिरलंय.

"अगं, हा मी नाही," तो म्हणाला. "हा मला न विचारताच..." आणि त्यानं कॅन खाली ठेवला. मग तो एवढंच म्हणाला, "तू विचारलं होतंस मला. तेल घालू का, म्हणून विचारलं होतंस."

"हो," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला आणि मला घेऊन शाळेत गेला. त्याच फाटकाशी, त्याच मोठ्या बाईंसमोर उभा राहिला. शिपायालाही त्यानं हाक मारून बोलावून घेतलं. म्हणाला, "बाई, मागे याच जागी मी माझ्या पोरीला खोटं म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं होतंत. आता हेही ऐका. तिचा हात खरा होता. माझं माप खोटं होतं, आणि मी तिचं सोडून त्याचं ऐकलं. माझं चुकलं." मग तो लेकीकडे वळला आणि पुन्हा म्हणाला, "माझं चुकलं गं पोरी." म्हातारा ढसाढसा रडला. धाकटीनं त्याच्या दंडाला धरलं, पण 'असू दे, झालं गेलं' असं काही ती म्हणाली नाही. रस्त्यात मात्र ती बोलली. "मला अजून राग आहे, बाबा. चार वर्षं मी माझ्या हातांना घाबरत होते."

"असू दे राग," तो म्हणाला. "असायलाच हवा."

घरी आल्या आल्या तो मला भंगारात घालायला निघाला होता. धाकटीनंच अडवलं. "त्याला कशाला शिक्षा? आपण कधी घासलं होतं का त्याला?" मग तिच्या आईनं बाह्या सरसावल्या. "तीस वर्षांनी आला बाई हातात," म्हणत तिनं मला रात्रभर सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून ठेवलं आणि सकाळी धाकटी पातं घेऊन खरवडायला बसली. लाल, पांढरे, पिवळट थर निघत गेले, जुन्या चपलेच्या तळव्याएवढे जाड. मला वाटत होतं आपली अब्रूच सोलून निघतेय. काढलेलं सगळं तिनं कागदावर ठेवून बापाला दाखवलं. तो मान खाली घालून बसला होता.

आता मी पुन्हा अर्धा लिटर भरतो. धाकटीनं दुकान सोडलेलं नाही, पण सुट्टीच्या दिवशी ती रंग करते आणि घट्ट वाटला तर कुणाला न विचारता तेल घालते. वर्षातून एकदा ती मला शिक्क्याच्या मापाशी ताडून बघते. बरोबर भरलो की "ठीक आहे" म्हणते आणि टांगून ठेवते. पूर्वी मला 'हा चुकायचा नाही' म्हणायचे. ते मला आता नको. ठीक आहे एवढंच पुरे.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, म्हणजे मला एकच कान आहे, तो धरून सांगतो. ज्या वस्तूवर फार विश्वास आहे तिला आधी घासा, धुवा, तपासा. तिला नुसतं पूजत बसू नका, ती आतून भरत जाते आणि बाहेरून कळत नाही. आणि समोरचं माणूस 'मी बरोबर केलं' म्हणत असेल, तर डबा वर धरण्याआधी त्याचं पुरतं ऐकून घ्या. माणूस बोलू शकतं. आमच्यासारखे बोलत नाहीत, आणि आमच्या गप्प बसण्याला तुम्ही खरेपणा समजता.

धाकटी आत्ता माझ्यापासून तीन हातांवर रंग घोटत बसली आहे. बापानं तिची माफी मागितली, मोठ्या बाईंनी मागितली, सुतारानंही येऊन मागितली. माझ्या आत जे साचलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं खरवडून काढलं आणि वर मला भंगारातून वाचवलं. पण त्या दिवशी फाटकाशी मला बरं वाटलं होतं, हे तिला अजून माहीत नाही.